जंप स्टार्टर निवडायचे पाच मंगळवार

तिला सगळे सुईताई म्हणायचे. लॅबमधले म्हणायचे, पेशंट म्हणायचे, पेशंटांची नातवंडंसुद्धा म्हणायची. सकाळी सहापासून अकरापर्यंत लोकांच्या घरी जायचं, रक्त काढायचं आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं चोवीस वर्षांचं काम. वय चोपन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून छळणारी माणसं एकेक करून कमी होत गेली, आणि आता तर तो प्रश्न कुणी विचारला असता तर तिने त्यांना बसवून चहा दिला असता.

दिवसाला दहा-अकरा घरं व्हायची. दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई, नळ्या, कापूस. पाच मिनिटांत काम फत्ते. हात असा हलका की टोचलं कधी ते कळायचं नाही. पण सुई बघून जो तो मान पलीकडे वळवतो. आपला चेहरा नीट बघितलेली माणसं या गावात किती असतील, असा हिशोब तिने एकदा करायला घेतला होता आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

तिच्याकडे छोटी पेट्रोल गाडी होती. मागच्या सीटवर नमुने ठेवायची थंड पेटी, आणि पेटीची वायर गाडीच्या सॉकेटला कायमची जोडलेली. त्या वर्षी गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. पावणेसहाला किल्ली फिरवावी तर आतून नुसतं टक् आणि पुढे काही नाही. बॅटरी तर दीड वर्षापूर्वीच नवी घातलेली.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे जंपर केबल होत्या. पहिल्यांदा तो उत्साहाने आला, स्वतःची गाडी तोंडाला तोंड लावून उभी केली, केबल जोडल्या, वर दोन गोष्टी समजावल्या. तिसऱ्या वेळी जांभया देत आला. पाचव्या वेळी काही बोललाच नाही. सहाव्या वेळी ती त्याच्या दारात उभी होती, बोट बेलवर टेकलेलं, एवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "ऊठ, तुझी बॅटरी आली बघ. जिन्यात चपला वाजल्या."

तो म्हणाला, "हिला एक नवरा तरी करून द्यायला हवा होता कुणीतरी. निदान गाडी ढकलायला."

दोघं हसली. हसण्यात कुजकेपणा नव्हता, सकाळी सकाळी नवराबायको हसतात तसंच ते हसणं होतं. पण सुईताईचं बोट बेलवरून खाली आलं. ती पाय न वाजवता जिना उतरली, टॅक्सी बोलावली आणि थंड पेटी मांडीवर घेऊन घरोघर फिरली. तो मंगळवार होता.

मंगळवारी सात वीसला तिची वेळ असायची बॅटरीकाकांकडे. काका एक्याऐंशी वर्षांचे. हृदयाची एक झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, आणि गोळीचं प्रमाण बघायला दर आठवड्याला रक्त तपासायचं. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे, लिफ्ट नाही. चाळीस वर्षं त्यांचं बॅटरीचं दुकान होतं. ॲसिडने बोटांची टोकं इतकी पांढरी आणि गुळगुळीत झाली होती की त्यांचा मोबाइल त्यांच्या बोटांना ओळखायचा नाही.

त्या दिवशी ती पाऊण तास उशिरा पोचली. काका दार उघडून वाटच बघत होते.

"आज काय झालं ताई? तुमच्यावरून घड्याळ लावतो मी."

"गाडी बंद पडली, काका. बॅटरी."

काकांनी बाही वर करता करता हात थांबवला. "दिवे लागतात का? किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? एकदाच टक्, की कटकटकट?"

तिला हसू आलं. चोवीस वर्षांत पेशंटने तिला लक्षणं विचारायची ही पहिलीच वेळ. तिने सगळं सांगितलं. थंड पेटीचं सांगितल्याबरोबर काका म्हणाले, "हाच तो चोर. गाडी बंद असते तेव्हाही ही पेटी पीत राहते. आणि तुमची गाडी धावते किती? या गल्लीतून त्या गल्लीत. बॅटरीला भरायला वेळ मिळतो कुठे? बॅटरी बदलू नका, बिचारीचा काही दोष नाही. पेटीची वायर काढत जा. आणि संध्याकाळी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळ्या बाजूची वायर सैल करून बाजूला ठेवा, सकाळी परत बसवा. तात्पुरतं भागेल."

"आणि तरीही अडलं तर? शेजारी उठवायचे नाहीत मला आता."

का, ते काकांनी विचारलं नाही. म्हणाले, "मग जंप स्टार्टर घ्या. विटेएवढा असतो, गाडी सुरू होण्यापुरती वीज देतो. दुसरी गाडी नको, दुसरा माणूस नको. पण बघून घ्या हं. बाजारात कचरा फार."

असे ते मंगळवार सुरू झाले.

दुसऱ्या मंगळवारी तिने चार-पाच यंत्रांचे फोटो नेले. एकावर मोठ्या आकड्यात दोन हजार अँपिअर लिहिलेलं. काकांनी भिंग लावून बघितलं आणि नाक मुरडलं. "हा आकडा पापणी लवेपर्यंतचा. त्याच्यावर जाऊ नका. सेल्फ फिरत असताना सलग किती देतं ते कुठे लिहिलंय? नाही ना? जे लपवलंय तेच विचारायचं दुकानदाराला. तुमच्या बाराशे सीसीच्या इंजिनाला अडीचशे-तीनशे खरे मिळाले तरी गाडी उडी मारून चालू होईल."

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी तिला गृहपाठ दिला. दुकानात जाऊन नुसत्या तारा बघून ये म्हणाले. तार जाड आणि मऊ हवी. प्लास्टिक जाड आणि आत केसाएवढं तांबं, असं नको. चिमट्याचे दात दोन्ही बाजूंनी तांब्याचे हवेत. चुकून उलटं जोडलं तर ठिणगी न पडता यंत्राने गप्प बसायला हवं. आणि बॅटरी साफच मेलेली असली तर काही यंत्रं तिला बॅटरी मानतच नाहीत, तेव्हा जबरदस्तीने सुरू करायचं वेगळं बटण आहे का तेही बघायचं.

"अग, आणि टॉर्च, रेडिओ, हवा भरायचा पंप असलं सगळं एकात असेल तर लांब राहा. तो खेळ झाला."

तुम्हीवरून तूवर काका कधी आले ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिला ते जिना उतरताना लक्षात आलं आणि एका पायरीवर ती उगाचच थांबली. तिला तू म्हणणारं आता कोण उरलं होतं? दुसऱ्या शहरातला धाकटा भाऊ, तोही दोन-तीन महिन्यांतून एकदा.

खरं सांगायचं तर कोणतं यंत्र घ्यायचं हे तिला तिसऱ्याच मंगळवारी ठरवता आलं असतं. पिवळ्या रंगाचं, साधं, जाड तारांचं एक यंत्र तिने दुकानात हातात घेऊन पाहिलं होतं, त्यात काकांनी सांगितलेलं सगळं होतं. दुकानदार म्हणाला, "देऊ बांधून?" ती म्हणाली, "घरी विचारून येते."

घरी विचारायला कोणी नव्हतं. गाडीची अडचणही तशी उरली नव्हती; पेटीची वायर काढल्यापासून आणि पान्याचा नेम सुरू झाल्यापासून गाडी सुतासारखी सरळ आली होती. तरी चौथ्या मंगळवारी तिने पिवळ्याचं नावही काढलं नाही. दुसऱ्याच दोन यंत्रांची माहितीपत्रकं नेली. काकांनी दोन्हींत मनापासून खोट काढली. एकाचं चार्जिंग महिनाभरसुद्धा टिकत नव्हतं. दुसऱ्यावर, गाडीत ऊन लागलं तर काय, याचा एक शब्द नव्हता. रक्त काढून झाल्यावर ती वीस मिनिटं बसली. पुढच्या घरच्या बाईंनी लॅबमध्ये तक्रार केली.

पाचव्या मंगळवारी मात्र तिला राहवलं नाही आणि तिने पिवळ्याबद्दल सांगितलं. काकांनी एकेक प्रश्न विचारला. प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं. शेवटी काका खिडकीकडे बघत म्हणाले, "मग काय राहिलं? घेऊन टाक."

त्यांचा आवाज पडलेला होता. तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली.

तिने यंत्र घेतलं आणि पुढच्या मंगळवारी दाखवायला नेलं. काकांनी ते मांडीवर ठेवून चिमटे उघडमीट करून पाहिले. मग हट्टाला पेटले. "मला खाली येता येत नाही, पण खिडकी आहे. गाडी खाली लाव आणि जोडून दाखव."

ती खाली गेली, बॉनेट उघडलं. वरून काका अर्धे बाहेर वाकून ओरडायला लागले, "लाल आधी! अधिकवर! हां. आता काळा! पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही! चालू झाली की लगेच काढ!" समोरच्या बसस्टॉपवरची माणसं वर बघत होती, खाली बघत होती. सुईताईचे हात काळे झाले, केस सुटले. गाडी मुळात ठणठणीत होती, ती चालू होणारच होती. झाली तेव्हा काकांनी वरून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे मंगळवार पुन्हा पाच मिनिटांचे झाले.

"मशीन बरंय ना?"

"बरंय."

"तीन महिन्यांनी चार्ज करायला विसरू नकोस."

"नाही विसरत."

आणि मग कापूस, पट्टी, नळीवरची चिठ्ठी. नवं काहीतरी विचारावं म्हणून ती जिना चढताना प्रश्न शोधायची, पण गाडीला काही होतच नव्हतं. पुढे काकांच्या गोळीचं प्रमाण बसलं आणि डॉक्टरांनी तपासणी महिन्यावर नेली. दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात यादीत काकांचं नाव नव्हतं. लॅबच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते मुलीकडे गेले ना, कायमचे. मागच्याच आठवड्यात फोन आला होता." तिने तो निरोप सहज दिला आणि पुढची चिठ्ठी छापायला घेतली. सहज न देण्यासारखं त्यात काही आहे हे तिला कळणार तरी कसं?

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी आठ वाजता, कुठल्याशा रुंद रस्त्यावर, दोन घरांच्या मधे गाडी खरोखर मेली. आदल्या रात्री पान्याचा नेम चुकला होता, पेटीची वायर काढायची राहिली होती आणि आतला दिवाही चालू राहिला होता; सकाळी गाडी कशीबशी चालू झाली होती एवढंच. किल्ली फिरवली तर टक्सुद्धा नाही. सुईताईने यंत्र काढलं. जोडलं. यंत्राने बॅटरी ओळखली नाही. तिने ते वेगळं बटण दाबून धरलं आणि हिरवा दिवा लागला. चार सेकंद सेल्फ मारला. गाडी खोकली आणि चालू झाली.

फिरायला निघालेला एक गृहस्थ थांबला. "काही मदत हवीय का?"

"नको, झालं," ती म्हणाली.

"वा," म्हणून तो चालायला लागला.

ती चालू गाडीत बसून राहिली. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं तिला झालं होतं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने भावाला फोन लावला.

"अरे, गाडी बंद पडली होती. मी एकटीने चालू केली!"

"बरं झालं. ऐक ना, मी मीटिंगमध्ये आहे. काही लागलं तर मेसेज टाक."

मग तिने काउंटरवरचीला फोन करून काकांच्या मुलीचा नंबर मागितला. द्यायचा नसतो, पण दिला. मुलीने उचलला, म्हणाली, "बाबांना आता ऐकू फार कमी येतं. जोरात बोला."

"काका, मी सुईताई!"

"कोण ताई?"

"सुईताई! रक्त काढायला येत होते ती! गाडीची बॅटरी, काका!"

"बॅटरी? दुकान बंद केलं हो मी. झाली नऊ वर्षं. नंबर कुणी दिला तुम्हाला?" आणि ती तोंड उघडायच्या आत, "गाडी कोणती तुमची?"

ती पुन्हा ओरडून सांगू शकली असती. मुलीला मधे घालून ओळख पटवता आली असती. पण त्यांच्या आवाजात अशी तरतरी आली होती की तिची जीभ रेटेना.

"छोटी आहे. पेट्रोल," ती म्हणाली.

"मग घाबरू नका. नीट ऐका."

काका सांगत गेले. पाणी भरायच्या जुन्या बॅटरीचं सांगितलं, टर्मिनलवर जमणारी पांढरी बुरशी गरम पाण्याने कशी धुवायची ते सांगितलं, एका बसवाल्याने त्यांना कसं फसवलं होतं ते सांगितलं. अकरा मिनिटं. ती "हो", "बरं", "कळलं" म्हणत राहिली. खिडकीच्या काचेवर ऊन आलं होतं. शेवटी काका म्हणाले, "आणखी अडलं तर करा फोन. मी घरीच असतो," आणि फोन मुलीकडे गेला. मुलगी म्हणाली, "थँक्यू हं. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलले."

सुईताईने पुढच्या महिन्यात पुन्हा फोन केला. बाबा झोपलेत, असं कळलं. त्यानंतर तिने केला नाही.

काका मुलीकडे गेल्यावर मंगळवारच्या सात वीसला दुसरं घर घ्यायला ती काही आठवडे टाळाटाळ करत राहिली. रस्त्यात वेळ जातो, अमकं तमकं सांगायची. प्रत्यक्षात गाडी कुठेतरी झाडाखाली लावून पंधरा मिनिटं आत बसायची, काच अर्धी खाली करून, मांडीवर नुसतेच हात. मग काउंटरवरचीने न विचारताच ती वेळ भरून टाकली. थायरॉईडचा त्रास असलेल्या एक शिक्षिका आहेत, तळमजल्यावर राहतात. त्यांना शाळेत पोचायची घाई असते, त्यामुळे दार आधीच उघडं असतं आणि बाही वर केलेली असते.