तापीबाईचा तट

कळसाडीच्या तापीबाईला चौकशीचं भारी वेड. बाजारात अनोळखी माणसाच्या पिशवीत डोकावून "हाई काय शे?" विचारणारी बाई! तिची नात सोनम लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. ती मोठ्याने वाचायला बसली, की ऐकण्याच्या नादात इकडे तापीबाईची तव्यावरची भाकर करपायची.

त्या दिवशी स्वित्झर्लंड निघालं. "महायुद्धात हा चिमुकला देश तटस्थ राहिला."

"तट कसाना व्हता? दगडना?"

सोनम खो खो हसली. "तट नही वं, मोठी माय! तटस्थ म्हणजे कोन्हाच बाजूना नही."

"मंग त्यासले कोन्ही गिळं कसं नही?"

प्रश्न तिच्या जिवाचाच होता. एका बांधाला रतिलाल, दुसऱ्याला दलसिंग. दोघांचं हाडवैर, आणि मधोमध हिची कपाशी नि थोडा ऊस. ही दोघांनाही ताक पाजायची, बाजू कुणाचीच घ्यायची नाही. पण नाल्यावरच्या मोरीकडे, म्हणजे छोट्या पुलाकडे, जायला वळसा पडतो, म्हणून रतिलाल सोमवारी जेसीबी घालून तिच्या कपाशीतून रस्ता काढणार होता. त्याने काढला तर दलसिंगही काढणार. बोंबला! वावर उरणार कुठं?

सोनमने पुढे वाचलं. त्या लोकांनी आपलेच पूल नि बोगदे सुरुंग पेरून तयार ठेवले होते. शत्रूला डोंगरातली ती वाट हवी होती. तो घुसला असता तर वाटच उडाली असती. शेजाऱ्यांशी व्यापार मात्र चालूच.

"आपलाच पूल? सोता?" तापीबाई दिवसभर तेच पुटपुटत राहिली.

सोमवारी जेसीबी आला, तर बाई टिकाव घेऊन मोरीवर उभी. मोरी तिच्या जमिनीत, तिच्या नवऱ्याने बांधलेली, आणि तिघांचाही ऊस त्या मोरीवरूनच बाहेर पडायचा.

"वावरमा चाक घाल, मी मोरी फोडसू!"

रतिलाल हसला. "आन् तुन्हा ऊस कसा जाई?"

"नही जावाव. वाळी जाई वावरमाच."

आणि हाणला की टिकाव! कडेचा दगड धपकन नाल्यात. रतिलालचं हसू मावळलं. तिकडून दलसिंग धावत, ओरडत आला, "रतिलाल, मांगे ले भो, मांगे ले!" इतक्या वर्षांत तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलला. जेसीबी मागे फिरला.

तो दगड अजून बसवलेला नाही. तापीबाईची स्वतःची गाडीही तिथे धाडकन आदळते. सोनम म्हणाली, सिमेंट लावून टाकू.

"हात नको लावू," तापीबाई म्हणाली. "मन्हा तट शे तो."