तुकाबाईचं बोट

मासवडी थापावी ती महाळुंगे पडवळच्या तुकाबाईनंच, असं पार मंचरपर्यंत बोललं जायचं, आणि तुकाबाईला ते ऐकायला भारी आवडायचं. हमरस्त्यावरच्या भरतच्या हॉटेलात ती बारा वर्षं होती. शिजलेलं बेसन गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळखोबऱ्याचं सारण पसरायचं, गुंडाळून दाबायचं. सगळं हाताचं काम, तेही चुलीवरून उतरवल्यावर.

२००२ साली हॉटेलातल्या माणसांसाठी स्वच्छतेचा वर्ग भरला. भरतनं तिलाच धाडलं. "आता ह्या वयात मला हात धुवायला शिकवणार," असं पुटपुटत ती मागं बसली. खोबरं किसताना कापलेलं तिचं बोट पिकलं होतं, त्यावर हळद भरून चिंधी बांधलेली.

शिकवणाऱ्या निर्मलाबाई सरळ मुद्द्यावर आल्या. "पिकलेलं बोट शिजलेल्या अन्नाला लागलं, की त्यात विष तयार होतं. परत गरम केलं तरी जात नाही. तीन-चार तासांत माणसं ओकायला लागतात."

तुकाबाईनं हात पदराखाली घेतला. गेल्या साली भावकीतल्या साखरपुड्यात दुपारी जेवलेली अकरा माणसं दिवस मावळायच्या आत ओकून ओकून आडवी झाली होती. मासवडी तिची होती, ताक मळ्यातल्या धोंडाबाईचं, जी म्हशीच्या दूध-ताकावरच पोट भरायची. तेव्हाही तिचं बोट असंच पिकलं होतं. पण तिच्या हाताला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती, सगळं ताकावर ढकललं गेलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज तुकाबाईचाच होता. त्यानंतर ती त्या मळ्याकडं फिरकलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीहून दोन बसगाड्या जेवायला यायच्या होत्या. बेसन उतरवलं, फडकं पसरलं.

"मावशी, थापा लवकर. गार झालं तर चिरा पडत्याल," भरत म्हणाला.

तुकाबाईचा हात पुढं जाईना. शेजारी तिच्याच गावची प्रयागबाई भाकऱ्या थापत होती. इथं बोललेलं संध्याकाळी गावभर होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परातीतली वाफ कमी होत चालली होती.

तिनं चिंधी सोडून बोट दाखवलं. "ह्या हातानं आज न्हाई. प्रयागे, साबणानं हात धू अन् तू थाप. मी सांगते."

"एवढ्याशा बोटानं काय व्हतंय? बारा वर्षांत कधी काय झालं?" भरत म्हणाला.

"झालं व्हतं." तुकाबाई म्हणाली. "साखरपुड्याला. तवाबी बोट पिकलं व्हतं."

प्रयागबाईचा हात भाकरीवरच थांबला. मग प्रयागबाई उठून हात धुवायला गेली. तिच्या मासवड्या वाकड्यातिकड्या झाल्या, पण दोन्ही गाड्या जेवून गेल्या.

तुकाबाई तशीच उपाशी जीपमध्ये बसली आणि थेट मळ्यात गेली. धोंडाबाई दारात शेंगा निवडत होती.

"धोंडे, ताक चांगलं व्हतं तुझं. खोट माझ्या बोटात व्हती," तुकाबाई म्हणाली. "उद्यापासून मी सगळ्या आळीला सांगते. आधी मला तांब्याभर ताक दे."

धोंडाबाईनं मान वर केली नाही.

"ताक कुठलं गं," ती म्हणाली. "म्हस इकली मी, दिवाळीतच."