अत्सेदेसाठी आखलेलं घर

देमिस्से गाशेंनी (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला गाशे म्हणतात) जन्मभर अदिस अबाबा शहरात बस चालवली, पण घराचा विषय निघाला की ते पायांनी बोलायचे. आमच्या सामाईक अंगणात टाचेनं मातीत रेघ ओढायचे आणि मला म्हणायचे, "एतेनेश, ही भिंत समज. आता डोळे मीट आणि चाल."

मी डोळे मिटून चालायचे आणि पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळायचे. ओट्यावर बसलेली त्यांची बायको अत्सेदे खळखळून हसायची. "तिला कशाला छळता? तिला डोळे आहेत, तिला कसं जमेल? थांबा, मी येते."

मग ती उठायची आणि पिंप, तारेवरचे कपडे, कोळशाची पोती, सगळं चुकवत नीट फाटकापर्यंत जाऊन यायची. चार घरांच्या इंजेराच्या भाकऱ्या तिनं वर्षानुवर्षं भाजल्या होत्या. मातीचा तो मोठा तवा, ओली लाकडं आणि धूर बाहेर जायला जागा नसलेली पत्र्याची खोपटी. त्या धुरानंच तिचे डोळे हळूहळू गेले. पण अंगण तिच्या तळपायांत होतं. गाब्रिएलच्या सणाला पांढरी नेतेला शाल डोक्यावरून घेऊन ती एकटी चर्चला जायची. उजवा हात भिंतीला लावायचा, कोळसेवालीचा खोकला ऐकू आला की चढण सुरू, मग घंटा. मी सोबत येते म्हटलं तर म्हणायची, "तू ये ना, पण माझा हात नको धरूस. मी देवाकडे चाललेय, दवाखान्यात नाही."

देमिस्सेंचं घर त्यांच्या वडिलांच्या वेळचं, लाकूड-मातीचं. खांब पोखरले होते, पावसाळ्यात भिंतीचे पोपडे हातात यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की हे पाडायचं आणि त्याच जागी अत्सेदेला साजेल असं घर बांधायचं. सगळी दारं एका ओळीत, उंबरा कुठेच नाही. स्वयंपाकघराकडे जाताना पायाखाली खरखरीत दगड, पलंगाकडे जाताना गुळगुळीत फरशी, म्हणजे तिला न विचारता कळावं. धूर वर ओढून नेणारं उंच धुराडं. मोरीच्या वळणावर उग्र वासाचं तेना-आदामचं झुडूप, फाटकाशी तुळशीसारखा वास येणारी बेसोबिला. नकाशेवाला कागद बघून म्हणाला, "गाशे, हे घर आहे की बोळ?"

"तुझ्या बायकोला दिसतं ना?"

"दिसतं की."

"मग तिला गोल बांध. माझं हे असंच काढ."

त्याच सुमारास आमच्या अंगणाला लागून जाणारा चर्चखालचा रस्ता रुंद करायचं ठरलं. अदिसमध्ये तेव्हा जिकडेतिकडे तेच चाललं होतं. एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात सभा भरली. नगर-आराखड्याच्या कार्यालयातून नाहोम नावाचा तरुण इंजिनियर आला होता. बोलायला मऊ, बूट चकचकीत. त्यानं मोठं चित्र उघडून दाखवलं. रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक जागेवर कमीत कमी चार मजले हवेत. पुढची बाजू काचेची, रंग एकच राखाडी. अंगणात चूल नाही, पत्रा नाही. ज्याला ऐपत आहे त्यानं एकट्यानं किंवा शेजाऱ्यांनी मिळून या नमुन्याप्रमाणे बांधावं. ज्याला जमणार नाही त्याला शहराच्या टोकाला सरकारी सदनिका मिळेल आणि जागा बांधू शकणाऱ्याकडे जाईल. ज्याची काही हरकत असेल त्यानं महिन्याच्या आत लेखी द्यावी.

मागून एक व्यापारी ओरडला, "जागा आमची, मर्जी आमची! रंगसुद्धा तुम्ही सांगणार? उद्या आमच्या बायकांनी कुठला झगा घालायचा तेही सांगा!"

लोक हसले. देमिस्से हसले नाहीत. याच व्यापाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी चर्चच्या मागे कुणालाही न विचारता मजल्यावर मजला चढवला होता. मोठ्या पावसात त्याची भिंत बोळात कोसळली आणि आमच्या शेजारणीची, झेनेबेचची, सून तिच्याखाली गेली. तेव्हा सरकार झोपलंय का, म्हणून कार्यालयाच्या दारात सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेले देमिस्सेच होते.

ते त्या व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "तुझी मर्जी आम्ही बघितली. ढिगाऱ्यातून ती पोर मी उचलली होती." मग नाहोमला म्हणाले, "साहेब, नियम हवेतच. खांब किती जाड, गटार कुठून, आग लागली तर पळायचं कुठे, सगळं तुम्ही सांगा, मी पाळतो. पण दार कुठे ठेवायचं तेवढं मला ठरवू द्या."

"गाशे, रस्ता एकट्याचा नसतो हो. एकाला मोकळं सोडलं तर सगळे मागतील."

"रस्ता सगळ्यांचाच. पण घर तिचं एकटीचं आहे." असं म्हणून त्यांनी अत्सेदेकडे बोट दाखवलं. नाहोमनं खाली मान घातली, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी पाण्याच्या नळांबद्दल विचारायला लागलं.

त्या संध्याकाळी सगळे माझ्याकडे कॉफीला बसले असताना माझे यजमान गेताहून म्हणाले, "गाशे, उद्याच हरकत लिहून देऊ. मी लिहितो."

देमिस्से दुखावले. "लिहून? मी काय त्या पोराशी भांडायला निघालोय? कागदावर भांडण लिहितात, गेताहून. विनंती माणसांकरवी करतात."

आमच्याकडे तसंच आहे. मुलगी मागायची असो, रुसलेल्या भावाला घरी आणायचं असो, की खुनाचं वैर मिटवायचं असो, वडीलधारी माणसं पाठवायची. दाराशी आलेल्या वडीलधाऱ्यांना कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. म्हणून आमच्या चर्चचे पाद्री आब्बा किरोस हातातला क्रॉस घेऊन निघाले, बरोबर मर्तिकाला मदत करणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळाचे प्रमुख शिफेराव निघाले. दोघांनी पांढऱ्या शाली नीट घडी घालून खांद्यावर घेतल्या. अत्सेदेनं त्या दिवशी उपास नसतानाही पाण्याचा घोट घेतला नाही.

दोघं परतले ते ताठ मानेनं.

"झालं," शिफेराव म्हणाले. "आपल्या घरातला मुलगा असावा तसा मुलगा आहे. आम्हाला बघताच खुर्ची सोडून उठला. क्रॉसचं चुंबन घेतलं, माझ्या गुडघ्याला हात लावला. आम्हाला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेवटपर्यंत उभा राहिला. कॉफी पाजली. फाटकापर्यंत सोडायला आला!"

"पण म्हणाला काय?" मी विचारलं.

आब्बांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये चपला घालून शिरलेय. "एतेनेश, त्यानं 'नाही' म्हटलं नाही. वडीलधाऱ्यांना खुर्ची देऊन कुणी 'नाही' म्हणतं का?"

अत्सेदेनं दोन्ही हात वर करून ओरडून आनंद व्यक्त केला, आणि अंगणातल्या सगळ्या बायकांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. हरकतीचं पुन्हा कुणी बोललं नाही. देमिस्सेंनी जुनं घर उतरवलं आणि पाया खणायला घेतला. अत्सेदे खड्ड्यात उतरून बसायची, मातीला हात लावायची आणि म्हणायची, "इथे झोपायची खोली ना? इथे थंड लागतंय."

पाया अर्ध्यावर आला होता तेव्हा यंत्र आलं. त्याच्यामागून नाहोम धावत आला. त्याला वाटलं होतं जागा रिकामी झाली असेल, कारण घर तर उतरवलेलं होतं.

"तुम्ही वचन दिलं होतं," देमिस्से म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"मी? कधी?"

"आब्बा आले तेव्हा उभे राहिलात."

नाहोमचा चेहरा पडला. "गाशे, आब्बांसमोर मी बसणार कसा? माझी आई मला घरात घेणार नाही. ते बोलले, मी ऐकलं, मान दिला. पण सही माझी नसते हो, वर असते." मग तो हळू आवाजात जे बोलला ते मला आजही विसरता येत नाही. "तुम्ही लिहून दिलं असतंत तर मी तो कागद वर पाठवला असता. अंध माणसासाठी सवलत मागता येते. मागच्या रस्त्यावर एकाला मिळाली. मी वाट बघत होतो, तुमचा कागदच आला नाही."

अत्सेदे पायाच्या कडेला उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "याला कॉफी द्या कुणीतरी. घसा सुकलाय बिचाऱ्याचा."

त्याला कॉफी मीच दिली. शिव्या द्यायच्या म्हणून कप घेऊन गेले होते, पण तो दोन्ही हातांनी कप धरून रडत होता.

आम्हा सगळ्यांना शहराच्या टोकाला एकाच इमारतीत जागा मिळाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. घर कोरडं, नळाला पाणी, धूर नाही. देवाचे उपकार मी नाकारत नाही. पण तिथे प्रत्येक मजला खालच्यासारखाच, प्रत्येक दार शेजारच्यासारखंच, पायाखाली सगळीकडे तीच फरशी. एका दुपारी अत्सेदे माझ्याकडे यायला निघाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा परक्याच्या घरात जाऊन बसली. ते लोक भले होते, त्यांनी तिला जेवू घातलं. देमिस्से शोधत शोधत पोचले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "हे आपलं नाही ना? मग आपलं कुठलं?"

देमिस्सेंनी आपल्या दाराबाहेरच्या भिंतीला, तिच्या हाताच्या उंचीवर, सुतळीचा जाड दोर ठोकला. इमारतीच्या समितीनं तो काढायला लावला. बाहेरच्या भिंतीत कुणी बदल करायचा नाही, असं लिहिलेलंच होतं. त्यानंतर अत्सेदे पलंगावरून फारशी उठली नाही. अखेर देब्रे सिनाच्या डोंगरातून तिची बहीण आली आणि तिला गावी घेऊन गेली. देमिस्सेंना बरोबर जाता येईना. घराचे कागद हातात पडेपर्यंत जागा रिकामी दिसली तर ती रद्द होणार होती, आणि कागद तर निघतच नव्हते.

ते रविवारी माझ्याकडे कॉफीला यायचे आणि तिथूनच अत्सेदेला फोन लावायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातून कॉफीचे दाणे जळले.

"परवानगी मिळाली," ते फोनवर सांगत होते. "हो, त्या पोरानंच मिळवून दिली. आज पाया पुरा झाला."

पुढच्या रविवारी भिंती गुडघ्यापर्यंत आल्या. मग कमरेपर्यंत. धुराड्याची वीट आली, ती कच्ची निघाली म्हणून त्यांनी परत पाठवली. खोट्याला आपल्या घरात आसरा देतोय असं वाटून मला झोप लागेना. आब्बा किरोसांना विचारलं. वडीलधारे म्हणून केलेली रदबदली फुकट गेली तेव्हापासून ते खचले होते. "तो पापाची कबुली द्यायला येईल तेव्हा मी बघेन," ते म्हणाले. "तू कॉफी भाज."

फासिका, म्हणजे ईस्टर, होऊन गेल्यावर मी अत्सेदेला भेटायला गावी गेले. ती शेणानं सारवलेल्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. हाडं वर आली होती, पण पाय पुन्हा पूर्वीसारखे पडत होते. माझं पाऊल ओळखून तिनं मान वळवली, आणि गालाला गाल किती वेळा लावला ते मोजायचं आम्ही दोघी विसरलो.

"घर कुठवर आलं?" तिनं विचारलं.

मी चाचरले. "छ... छप्पर घालायचं चाललंय."

"एतेनेश, तुझ्यापेक्षा त्यांना बरं खोटं बोलता येतं." तिनं माझा हात शोधून धरला. "फासिकाआधीच्या मोठ्या उपासाच्या ऐन मध्यात त्यांनी मला सांगितलं की भिंत उभी राहिली म्हणून मजुरांना दुपारी मटण खाऊ घातलं. म्हणे सगळे मजूर आपल्या गाब्रिएलच्या मंडळातले. पंचावन्न दिवसांच्या उपासात! मी फोन बाजूला ठेवून हसले. मग रडले. बाई, बस चालवणाऱ्या माणसाला उपास कुठून आठवणार? माझ्या हातचं मिळेल ते जेवायचे, उपास मीच त्यांच्या ताटात वाढायची."

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? थांबवा म्हणून? त्या एका घराला कुणी अडवलेलं नाही. बांधू दे त्यांना." मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "पण एक सांग. चुलीच्या खोलीचं दार त्यांनी उत्तरेला ठेवलंय. दुपारचा वारा तिकडूनच येतो, सगळा धूर माझ्या तोंडावर येईल. त्यांना म्हणावं, दार पूर्वेला हवं."

परत आले त्या रविवारी देमिस्से आले, फोनपाशी बसले. तिला सगळं माहीत आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त दाराचा निरोप दिला. त्यांनी डोळे मिटले, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं, आणि म्हणाले,

"मग ती भिंत पाडावी लागेल."