उस्तादांची गेरूची खूण

कडा खालून वर चढणं उस्तादांना मंजूरच नव्हतं. आधी पायवाटेनं माथ्यावर जायचं, दोर सोडून खाली उतरायचं आणि मग त्याच कड्यानं वर यायचं, हा त्यांचा शिरस्ता. "अरे बाबू, आधी खाली गेल्याबिगर वर कसा येशील?" असं ते इतक्या ठामपणे विचारायचे, की आम्हालाच आपण काहीतरी येडपटासारखं बोललो असं वाटे. कारण साधं होतं. त्यांची सगळी हयात विहिरी खोदण्यात गेली होती.

उस्ताद राहायचे गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. मी आणि शिरीष चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला, आणि रविवारी डोंगरातले कडे चढायचं खूळ दोघांच्याही डोक्यात. दोराच्या पक्क्या गाठी शिकायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. गाठी चार दिवसांत शिकून झाल्या, पण उस्ताद काही सुटेनात. पुढच्या रविवारी पायजमा खोचून, हातात डाळ-मटणाच्या आंबट दालच्याचा डबा घेऊन ते आमच्या आधी बसस्टॅंडवर हजर! पन्नाशी उलटली होती, तरी खडकाला असे बिलगायचे की आम्ही बघतच राहायचो.

खालून वर यायचं तर सगळ्यांत शेवटी उस्तादांनी. त्यात घासाघीस नाही. विहिरीत सुरुंगाची वात पेटवली की आधी सगळे गडी वर काढायचे आणि मग आपण निघायचं, ही जन्माची सवय. आम्ही म्हणायचो, "उस्ताद, इथं कुठं सुरुंग आहे?" तर म्हणायचे, "सुरुंग नाय, पण तुम्ही हायत ना!"

एवढा विहिरीचा माणूस, पण पोहता मुळीच येत नव्हतं. मला हसू आवरेना. त्यावर ते भडकले. "हसतो कायकू? पाणी लागलं की आमचं काम खतम. पोहायला मालकाची पोरं असतात की!"

असा हा माणूस आम्ही कोकणात नेला. समुद्राला लागून सरळसोट काळा कडा आहे असं शिरीषनं कुठूनतरी ऐकलं होतं. आम्हा तिघांपैकी एकानंही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. कड्याच्या टोकावरून उस्तादांनी खाली वाकून पाहिलं आणि स्वारी एकदम खूश! "ही तर विहीरच हाय रे, एका अंगानं ढासळलेली!" वरून उतरायचं आणि चढून यायचं, दुसरी वाटच नाही. त्यांच्या मनासारखा कडा त्यांना अखेर भेटला होता.

खाली खडकाचा सपाट ओटा होता. उतरल्या उतरल्या उस्तादांनी खिशातून गेरूचा खडा काढला आणि पाण्याच्या वर वीतभर अंतरावर रेघ मारली. नव्या विहिरीला पाणी लागलं की ते असंच करायचे. रेघ मारायची, विडी ओढायची, पाणी रेघेला शिवलं नाही तर ते बसलं असं समजायचं. विडी संपली. पाणी जागचं हललं नव्हतं. "बसलं पाणी," उस्तादांनी निकाल दिला. आम्हाला तरी कुठं ठाऊक, की ओहोटी संपून भरती लागायच्या आधी समुद्र असा जरा दम खातो!

भरवशाचा दोर एकच. तो कमरेला बांधून आधी शिरीष वर गेला. त्यानं दोर खाली सोडला, मी बांधला आणि निघालो. मी वर पोचून दोर परत टाकल्याशिवाय उस्तादांना निघता येणार नव्हतं. निम्म्या वाटेवर बसायला ऐसपैस जागा लागली. तिथं मी थांबलो. थांबलो तो चांगला थांबलो. शिरीष वर दोर खडकाला बांधून कड्यापासून आत आडवा झाला होता.

खालून उस्तादांच्या गप्पा चालूच होत्या. कुठल्या विहिरीत नाग निघाला, कुठल्या मालकानं जेवायला बोलावून नुसती भाकर वाढली. मधूनच म्हणायचे, "सावकाश बाबू. दगडाकडं बघ, खाली नको. टाइम लई हाय."

वर पोचलो आणि वळून खाली पाहिलं. रेघ नाही, ओटा नाही. उस्ताद छातीभर पाण्यात, एक हात खडकाच्या फटीत कोंबलेला, दुसऱ्यानं डोक्यावरचा डबा धरलेला. लाट आली की डबा तेवढा दिसायचा. दोर फेकला, पण दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या खेपेला तो त्यांच्या हाती लागला. डबा दातात धरून त्यांनी कमरेला गाठ मारली.

वर आल्यावर खोकून झालं, थुंकून झालं आणि मग म्हणाले, "बेइमान पाणी हाय हे. आमच्याकडं असलं नाय चालत." मी मान खाली घालून सांगितलं, की दोर अडकला होता म्हणून उशीर झाला. त्यांनी "व्हय का?" म्हटलं आणि डबा उघडला. दालचा लई खारट झाला होता. तिघांनी संपवला.

पुढं उस्ताद थकले आणि गारखेड्यात मुलीकडे राहायला गेले. अंथरुणाला खिळलेत असं कळलं तेव्हा भेटायला गेलो. ती थाप माझ्या मनातून कधीच गेली नव्हती. त्या दिवशी सांगूनच टाकलं. "उस्ताद, कोकणात दोर अडकलाच नव्हता. मी निम्म्या वाटेवर मजेत बसलो होतो. खिशात शेंगा होत्या, त्या खात होतो."

"मालूम हाय," उस्ताद म्हणाले. "टरफलं माझ्या डोक्यावर पडत होती."

मला शरमेनं मेल्यासारखं झालं. "मग ओरडला का नाहीत? दोन शिव्या हासडायच्या होत्या!"

उस्तादांनी माझा हात धरला. हाडं लागली हाताला.

"ओरडलो असतो," ते म्हणाले, "तर तू खाली बघितलं असतंस."