जुन्या तळ्याचा चिखल

मुलगी घटसर्पानं गेली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, तिचं अंथरूण-पांघरूण उकळून घ्या. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो; जंतू म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. अंथरूण तर उकळलंच, पण ट्रंकेतले तिला केव्हाच लहान झालेले जुने फ्रॉकही उकळले. चिंध्यांची बाहुली जाळली. जमीन फिनेलनं तीनदा पुसली. शेजारी म्हणाले, मास्तर मोठा खंबीर. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर बायको घरभर वास घेत फिरू लागली. दुपारी शाळेतून यावं तर ही पाळण्याची दोरी नाकाशी धरून उभी. कधी कोनाड्यात तोंड घातलेलं, कधी उंबऱ्याशी वाकलेली. "काय करतेस?" म्हटलं की "काही नाही" म्हणून आत जायची. मला भीती वाटे, आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. एकदा ओरडलो, "फिनेलच्या वासाशिवाय काही राहिलेलं नाही या घरात!" तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो ना," एवढंच म्हणाली.

घरही काही निराळंच झालं होतं. मधल्या खोलीत वाळे वाजल्यासारखं व्हायचं. दोघंही एकदम मान वर करायचो, आणि मग एकमेकांची नजर चुकवून आपापल्या कामाला लागायचो.

तिचं मन रमावं म्हणून मी काचेची टाकी करायला घेतली. मुंबईच्या मत्स्यालयात खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले होते, आणि आम्हाला समुद्र तर परसाबाहेरच. लोहाराकडून सांगाडा करून घेतला, काचा बसवल्या. रेती उकळली, दगड घासले, समुद्राचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळलं. ओहोटीला थळच्या किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांतून बोटभर लांबीचे पट्टेरी मासे आणले. त्यांना हवा मिळावी म्हणून बायको दिवसभर मधूनमधून तांब्यानं पाणी घेऊन उंचावरून सोडायची. कितीतरी महिन्यांनी तिच्या हाताला काम मिळालं होतं.

पाचव्या दिवशी मासे मेले. मी सगळं पाणी ओतून दिलं, रेती पुन्हा उकळली, नवे मासे आणले. तेही मेले. तिसऱ्या खेपेला तिनं तांब्या खाली ठेवला. "राहू द्या आता. माझ्या हातून काही जगत नाही."

टाकी दगडानं फोडावीशी वाटली, पण फोडली असती तर तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून पुन्हा रेती चुलीवर चढवली.

तेवढ्यात दारावर मासळी घेऊन येणारी बाई आली. "मास्तर, रेतीचा भात शिजवता काय?" म्हणून खदखदून हसली. मी चिडूनच झाला प्रकार सांगितला. तिनं टोपली उतरवली, टाकीसाठी भरून ठेवलेल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"पानी खारा हाय, पन कोरा हाय. कोऱ्या पान्यान मासा जगत न्हाय. आमी नवा तलाव खनला का त्यान जुन्या तलावाचा चिखल टाकतो, दुधाला विरजन लावतो तसा. मंग म्हैनाभर हात लावाचा न्हाय."

तिच्या घरामागे जिताडे मासे पाळायचं तळं होतं, भरतीचं पाणी आत घेणारं. दुसऱ्या दिवशी तिनं मडक्यातून तिथला काळा चिखल आणला आणि वर एक मेलेली कोळंबी. "ही पन टाका. कुजू दे."

"कुजू दे?" मी उसळलो. पण बायकोनं तिच्या हातातून मडकं घेतलं आणि मला न विचारता टाकीत रिकामं केलं.

आठवड्यात घाण सुटली. पाणी गढूळ झालं. मी दोनदा कोळंबी काढायला गेलो, दोन्ही वेळा बायकोनं मनगट धरलं. "असू दे." त्या वासात ती तासन्‌तास बसून राही, आणि मला वाटे, ही आता हातची गेली.

वर्गात मी दरवर्षी नत्रवायूचं चक्र फळ्यावर काढायचो. गाय, गवत, माती, मधे बाण. कुजण्यातून विष होतं, मातीतले न दिसणारे जीव ते पचवतात, तेव्हा कुठे दुसऱ्याला जगता येतं. परीक्षेतला हमखास प्रश्न. आणि घरी येऊन त्याच जीवांना मी चुलीवर चढवत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

महिन्यानं वास गेला. पाणी निवळलं, काचेवर हिरवट लव आली. मी एकच मासा आणला. पाचवा दिवस गेला, दहावा गेला, महिना गेला. मासा दगडाआडून बाहेर येऊन तांब्याच्या धारेखाली नाचू लागला.

"बघ," मी फुशारकीनं म्हणालो, "जगला की तुझ्या हातून."

ती काचेला हात लावून उभी होती. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पोरीचं एखादं कापड तरी न धुता ठेवायचं होतंत हो. मी घरभर शोधला. तिचा वास कुठेच नाही."

ट्रंकेतल्या त्या जुन्या फ्रॉकांना तर आजार शिवलाही नव्हता.