जमनाआत्याचा किल्ल्यांचा जुडगा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला प्रयोगशाळेत होते. दादा एवढेच म्हणाला, "आत्या गेली. तू तांड्यावर ये." काही आठवडे उलटले, आता शांतपणे लिहिता येते आहे.

जमनाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यातून ग्रामपंचायतीवर निवडून आलेली सदस्य. दिवाळी सरली की तांड्यातली बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. निघताना जो तो घराची किल्ली आत्याकडे देई. साऱ्या किल्ल्या ती एका सुतळीत ओवून चुलीजवळच्या खुंटीला अडकवी. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे, रेशन, नळाचे पाणी... सगळे तिच्याकडेच येई.

मागच्या निवडणुकीआधी प्रभागरचनेचा मसुदा निघाला. त्यात तांडा मधोमध कापून गावातल्या दोन प्रभागांना जोडला होता. तसे झाले असते तर आमची मते दोन्हीकडे तुटपुंजी ठरली असती आणि तांड्याचा माणूस पुन्हा निवडून येणे अवघड होते. मी हरकत लिहिली. तहसीलच्या सुनावणीत लोकसंख्या, सलग वस्ती, नाल्याची नैसर्गिक हद्द असे मुद्दे मांडले. त्यावर गावातले एक पुढारी म्हणाले, "साहेब, अर्धं वर्ष तांडा रिकामाच राहते. त्याले वेगळा प्रभाग कायले पाह्यजे?"

आत्या उठली. पदराआडून जुडगा काढून तिने टेबलावर ठेवला.

"साहेब, रिकाम्या घराले कुलूप कोन लावते?"

अंतिम रचनेत तांडा अखंड राहिला. निर्णय लोकसंख्येच्या निकषावर झाला, हे आदेशात स्पष्ट होते आणि मी तिला ते वाचूनही दाखवले. ती हसली. "बरं माय, तू तुह्या कागदानं जिंकली, मी माह्या जुडग्यानं."

मतदारसंघ म्हणजे नकाशावरची हद्द, ही व्याख्या मला आजही मान्य आहे. मात्र हद्दीतली माणसे पोटासाठी हद्दीबाहेर जातात, तेव्हाही त्यांच्या नावाने कोणीतरी जागेवर असावे लागते. आत्या असे.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा मी तांड्यावरच होते. तिच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागेल. कोण उभे राहणार, हे ठरलेले नाही. तरीही एकेक जण आला आणि खुंटीला किल्ली अडकवून गेला. शेजारच्या काकू तेवढ्या थांबून म्हणाल्या, "खुंटी तं हाये पोरी, पन आता इचारावं कोनाले?"

नागपूरला परतताना आत्याच्या दाराला मी फक्त कडी लावली. कुलूप लावले नाही. साऱ्या तांड्याच्या किल्ल्या आत होत्या.