तीन शिट्ट्यांची टर्बो गाडी

डोंबिवलीत कुकरच्या शिट्टीवर चालणारी गाडी एकच होती, आणि ती मी बनवली होती.

गाडी मुळात बाबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली, सेकंड हँड, दुधी रंगाची. सपाट रस्त्यावर ती अगदी सज्जन होती. पण आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहायचो, आणि तिथून पूर्वेला जायचं तर रुळांवरचा पूल चढावा लागतो. पूल दिसला की तिला धाप लागायची. मग आई, ताई आणि मी खाली उतरून चालत पूल चढायचो, आणि वर बाबा इंजिन चालू ठेवून थांबलेले असायचे. ("लवकर चला, पेट्रोल जळतंय!" हे वर आणि.)

अशात ताईचं लग्न ठरलं. हॉल पूर्वेला, पुलाच्या अगदी पायथ्याशी. बाबांनी बैठकीतच जाहीर केलं, "माझी मुलगी माझ्या गाडीतून मांडवात येणार!"

त्यावर मुलाचे कल्याणचे मामा सुपारी कातरत म्हणाले, "पण नवरीला पुलावर उतरवणार नाही ना?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मला ते फार लागलं. तिथेच मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ताई त्या पुलावरून बसूनच जाईल!

मी तेव्हा मोहने गावातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे मशीनची चित्रं काढायचो. (प्रत्यक्ष मशीनला हात लावायची मला मनाई होती. का, ते विचारू नका.) रद्दीतून आणलेल्या एका परदेशी मासिकात टर्बोवर लेख होता. गाडीच्याच धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची, की ताकद वाढते. एवढं सोपं, आणि आजवर डोंबिवलीत कुणाला सुचलं नव्हतं! विठ्ठलवाडीच्या भंगारात मला तो टर्बो मिळालासुद्धा.

"जापानी माल है साहब," भंगारवाला म्हणाला. "गाडी उड़ेगी!"

"उडायला नको. पूल चढली तरी पुरे."

"फिर आधा ही लगाना."

मी पूर्ण लावला. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये गाडी उघडी पडली, आणि बाबा रोज माझ्या शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभे राहू लागले.

"अरे, हा नट उरला."

"उरू दे हो बाबा. तेवढंच वजन कमी."

पहिल्या चाचणीला मी अॅक्सिलरेटर दाबला आणि आत इतका दाब झाला की एक रबरी पाइप सुटून थेट म्हात्रेकाकूंनी वाळत घातलेल्या बोंबलांत जाऊन पडला. काकू तळमजल्यावर राहायच्या. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी होती, त्यामुळे आम्हाला ओरडायचा हक्क त्यांना सातबाऱ्यानेच दिलेला होता.

"आरं ए इंजनेर! तुजी गारी काय माजं बोंबील खातंय?"

थोडक्यात, दाब वाढला की जादा हवा बाहेर सोडायला काहीतरी हवं होतं. मी डोकं धरून स्वयंपाकघरात बसलो, आणि समोर आईच्या कुकरने शिट्टी दिली. आता याला दैव नाही तर काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आला, "माझ्या कुकरची शिट्टी कुठाय रे?"

"गाडीला लावलीय."

"आणि भात?"

"थोडे दिवस पातेल्यात कर ना! ताईसाठीच करतोय मी!"

"मग वरणपण तिथेच लाव की, बॉनेटमध्ये!"

पण सांगतो, जमलं! रविवारी सकाळी मी गाडी गल्लीत काढली. जोर वाढला की बॉनेटखालून फुर्रर्र करून शिट्टी, की जादा हवा बाहेर, की गाडी सुसाट. आनंदाच्या भरात मी जेवणाच्या वेळेपर्यंत घिरट्या घालत राहिलो. घरोघरी बायका शिट्ट्या मोजून गॅस बंद करतात, हे माझ्यासारख्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात कुठून यावं? सबंध गल्लीचा भात त्या दिवशी कच्चा राहिला!

म्हात्रेकाकू परात घेऊनच आल्या, मागे बायकांची फौज.

"तुजी गारी शिट्टी मारतंय न माजा भात कच्चा रायला! खा आता तूच!"

तह झाला. जेवणं उरकल्याशिवाय गाडी काढायची नाही. मला राग आला, पण मी तोही गिळला, भातासकट.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता. मी चालवायला, शेजारी फेटा बांधलेले बाबा, मागे शालू नेसलेली ताई आणि पैठणीतली आई. पूल आला. बाबांनी डोळे मिटले. मी अॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी चढायला लागली! शिट्टी झाली. बाबांनी डोळे उघडले. दुसरी शिट्टी झाली. "चढली रे, चढली!" बाबा ओरडले. माथा समोर दिसत होता. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली आणि मागून आईने आयुष्यभराच्या सवयीने आवाज दिला,

"तीन झाल्या! बंद कर!"

आणि मीही आयुष्यभराच्या सवयीने बंद केली. किल्ली फिरवली सरळ!

"काय केलंस हे?" बाबा.

"आईने सांगितलं!"

"मी गॅस म्हटलं रे, गाढवा!"

तापलेलं इंजिन काही केल्या पुन्हा धरेना. बाबा नुसते पुलाच्या माथ्याकडे बघत बसले. त्यांचा तो चेहरा बघून मला रडायलाच आलं. ताईने मात्र मुंडावळ्या सरळ केल्या आणि म्हणाली, "मी उतरणार नाही. बाबांनी शब्द दिलाय."

मग बाबा स्टिअरिंगवर बसले, आणि आई आणि मी ढकलायला उतरलो. आहेर घेऊन चालत निघालेल्या म्हात्रेकाकू मागून आल्या. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सर बाजूला, इंजनेर!" तरी मी सरलो नाही. तिघांनी मिळून नवरी माथ्यावर पोचवली. पुढे उतारच होता. आम्ही कशाबशा आत उड्या मारल्या, म्हात्रेकाकूंसकट, आणि इंजिन बंद असलेली गाडी वाऱ्यासारखी खाली आली आणि हॉलच्या दारात जाऊन थांबली.

मामा दारातच उभे होते. ताई गाडीतून उतरली, बाबा ताठ मानेने उतरले, आणि मामा आ वासून बघतच राहिले.

"वा! एवढा वेग, आणि आवाज नाही की धूर नाही!" ते मला बाजूला घेऊन आदराने म्हणाले. "टर्बो बसवलाय म्हणे तुम्ही. तो गाडीत नेमका कुठे असतो हो?"

मी घाम पुसला आणि म्हणालो, "मागे, मामा. डिकीला दोन्ही हात लावून."